स्तंभलेखकाच्या हाती नोटीस

प्रश्न : नगरपालिकेवरच्या माझ्या लेखामुळे एक नगरसेवक अब्रूनुकसानीची धमकी देतोय. पोलीस अटक करतील का?

उत्तर : नुसत्या अब्रूनुकसानीसाठी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६चा हा गुन्हा अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस परस्पर एफआयआर नोंदवू शकत नाहीत. नगरसेवकाला दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम २२३नुसार दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांना तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. लेखाला आधार देणारे कागद तिथेच पुढे करा. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद.

खरी धास्ती न्याय संहितेच्याच कलम १९६ (गटांत तेढ) आणि १५२ची (देशाचं सार्वभौमत्व, एकता धोक्यात आणणं). ही दोन्ही दखलपात्र. लोकमान्यांना १९०८मध्ये सहा वर्षं मंडालेला धाडणारं जुन्या दंड संहितेचं राजद्रोहाचं कलम १२४अ गेलं म्हणतात खरं, पण १५२मध्ये जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

प्रश्न : माझ्या लेखावर १९६ची नोटीस आली आहे. जावं का?

उत्तर : जावं, वकिलाला विचारून. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची (चौकशीला हजर राहण्याची) नोटीस पाळलीत तर अटकेसाठी पोलिसांना लेखी कारणं द्यावी लागतात. टाळलीत तर तेच अटकेचं निमित्त होतं. वकिलाला त्याच संहितेचं कलम १७३(३) तपासायला सांगा : तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या खटल्यात (मार्च २०२५) सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ती करणंच योग्य म्हटलं, आणि शब्द खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर जोखायला सांगितलं. गुन्हा नोंदला गेलाच, तर तो रद्द करण्यासाठी कलम ५२८खाली उच्च न्यायालय आहे.

फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत आणि हॅश व्हॅल्यू (डेटाचा अंकी ठसा, नंतर बदल झाला तर कळतो) मागा. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क पत्रकाराला नाही. प्रेस कौन्सिलपुढचं संरक्षण न्यायालयात चालत नाही. माहिती देणाऱ्यांची नावं फोनमध्ये ठेवूच नका.

प्रश्न : ‘हे माझं मत’ असं लिहिलं की सुटलो ना?

उत्तर : छे! ‘अध्यक्षांनी पैसे खाल्ले’ हे विधान आहे, पुढे ‘माझ्या मते’ जोडलं तरी. त्याऐवजी : ‘लेखापरीक्षण अहवालात गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका नाही. अध्यक्षांना विचारलं, उत्तर आलं नाही. असा कारभार मला संशयास्पद वाटतो.’ इथे आधी तथ्य, मग मत. सार्वजनिक वर्तनावरच्या टीकेला कलम ३५६मध्ये असलेला अपवाद सद्भावनेवर उभा आहे, आणि कायद्यात सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेणं. म्हणून अध्यक्षांना पाठवलेला ईमेल जपून ठेवा. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन. तोवर तरी टिपणं फेकू नका.