प्रवासाविषयी प्रश्नोत्तरे : हानाचा रस्ता आणि वायमोकूचा धबधबा

प्रश्न : आम्ही दोघे नागपूरला बजाजनगरात राहतो, माझे वय ६४ आणि पत्नीचे ६१. मुलगी व जावई कॅलिफोर्नियात असून येत्या डिसेंबरमध्ये ते आम्हाला हवाई बेटांपैकी माउई या बेटावर नेणार आहेत. तेथील समुद्रकाठचा हानाचा रस्ता आणि त्याच्याही पुढचा वायमोकू धबधबा एकाच दिवसात पाहून रात्री काहुलुईच्या मुक्कामी परतायचे, असा जावयांनी बेत आखला आहे. आम्ही रोज सकाळी अंबाझरी तलावाकाठी तासभर चालतो. परंतु पत्नीला घाटात मळमळते आणि चिखलदऱ्याला जातानाही दोनदा गाडी थांबवावी लागते. हा बेत आम्हाला झेपेल का?

उत्तर : चालणे झेपेल आणि रस्ताही झेपेल, मात्र दोन्ही एकाच दिवशी करू नयेत, असे आम्हाला स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. काहुलुई ते हाना हे अंतर ५२ मैल, म्हणजे सुमारे ८४ किलोमीटर आहे. नागपूरहून वर्ध्याला जाण्याइतकाच हा पल्ला असल्यामुळे तो ऐकून कोणाचीही फसगत व्हावी. पण या रस्त्याला सहाशेच्या वर वळणे आणि ५९ पूल असून त्यांपैकी ४६ पूल एका वेळी एकच गाडी जाईल एवढे अरुंद आहेत. कोठेही न थांबता गेले तरी अडीच-तीन तास लागतात, आणि न थांबता जायचे असेल तर या रस्त्याला जाण्यातच अर्थ नाही. शिवाय धबधब्याची पायवाट हानात नसून तेथून आणखी पाऊण तासाच्या अंतरावर, हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाच्या किपाहुलू विभागात सुरू होते.

आता जावईबापूंच्या बेताचा हिशोब करून पाहा. सकाळी सातला निघून वाटेत चार ठिकाणी थांबलात, तर किपाहुलूला पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजेल. पायवाट जाऊन-येऊन चार मैलांची, म्हणजे साडेसहा किलोमीटरांची आहे. आपल्या वयाला तीन ते चार तास धरावेत. डिसेंबरमध्ये तेथे सहाच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणजे थकलेल्या माणसाने, अंधारात, तीच सहाशे वळणे उलट दिशेने घ्यायची. त्यापेक्षा हानात एक रात्र मुक्काम करावा. गावात राहण्याची सोय मोजकी आणि महाग असल्यामुळे आरक्षण आतापासूनच करावे लागेल; पण या सहलीत जास्तीचा खर्च कोठे करावा, असे विचाराल तर तो येथेच करावा.

मुक्काम केल्यास पहिला दिवस रस्त्यासाठी मोकळा राहतो. केआनाए नावाचे लाव्हाचे भूशिर मुख्य रस्त्यापासून थोडे खाली, समुद्रात शिरलेले आहे आणि तेथे पाण्याने भरलेल्या वाफ्यांत अळूची शेती होते. आपण अळूची पातळ भाजी आणि वड्या करतो. हवाईचे लोक त्याचा कंद शिजवून, कुटून ‘पोई’ करतात. १ एप्रिल १९४६ रोजी आलेल्या त्सुनामीत केआनाए गाव वाहून गेले आणि १८६० साली बांधलेले दगडी चर्च तेवढे उभे राहिले. हानाच्या अलीकडे वायआनापानापा येथे काळ्या वाळूचा किनारा आहे. राज्याबाहेरच्या पाहुण्यांना तेथे वेळ ठरवून आधी ऑनलाइन आरक्षण करावे लागते, त्यामुळे ते घरूनच करून निघावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी होण्यापूर्वी पायवाटेला लागावे. एकूण चढ सातआठशे फुटांचा असून तो विखुरलेला आहे. पहिल्या अर्ध्या मैलावर माकाहिकू धबधबा वरून दिसतो. त्यापुढे एक प्रचंड वड लागतो आणि घरापासून इतक्या दूर पारंब्या पाहून आपल्या माणसाचे पाय तेथे हमखास रेंगाळतात. नंतर दोन पूल ओलांडले की बांबूचे दाट बन सुरू होते. हा बांबू मूळचा तेथला नव्हे, माणसांनी आणलेला. तरीही वारा सुटला की उंच कळक एकमेकांवर आपटून जो पोकळ खडखडाट होतो, तो आम्हाला शेवटच्या धबधब्याइतकाच मोलाचा वाटतो. बनातून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात, म्हणून तळाला खाचा असलेले बूट आणि हातात काठी हवी. वायमोकू सुमारे ४०० फूट उंचीच्या काळ्या कड्यावरून कोसळतो. त्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नये, कारण वरून दगड सुटतात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. म्हणून उद्यानाच्या रक्षकांनी वाट बंद केली असेल तर वाद न घालता परतावे. अंगावर जखम असल्यास ओढ्याच्या पाण्यात उतरू नये, कारण हवाईच्या गोड्या पाण्यातही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आढळतात.

डिसेंबरात पाऊस लागेल, हे मनाशी धरूनच जावे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे माउईच्या याच बाजूला डोंगराला अडतात आणि कोकणच्या अंगाला सह्याद्रीवर पडतो तसा पाऊस येथे पडतो. धबधबे आहेत ते त्यामुळेच.

वहिनींना पुढच्या आसनावर बसवावे. निघण्यापूर्वी हलके खाणे, खिशात आलेपाक आणि मोबाइलकडे न पाहणे एवढ्याने बरेच साधते. गोळी घ्यायची तर ती आपल्या डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो.

प्रश्न : मी पस्तीस वर्षे गाडी चालवत आहे. जावयांना विसावा म्हणून थोडा वेळ मी चालवली तर चालेल का?

उत्तर : आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथील परिवहन कार्यालयातून मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते; मूळ परवानाही सोबत लागतो. भाड्याच्या गाडीच्या करारात आपले नाव चालक म्हणून लिहिलेले नसेल, तर चाकाला हातही लावू नये, कारण अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो. पण आमचे खरे म्हणणे वेगळेच आहे. तेथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. उजव्या बाजूची सवय करण्यासाठी काहुलुईचे रुंद, सरळ रस्ते ठीक आहेत. एकपदरी पूल आणि पलीकडचे न दिसणारी वळणे त्यासाठी नव्हेत. पुलावर आधी आलेल्या बाजूच्या पाच-सात गाड्यांना जाऊ द्यायचे आणि मग आपण निघायचे, असा तेथला रिवाज आहे. मागून स्थानिक गाडी आली तर रुंद जागा पाहून बाजूला व्हावे, कारण आपल्याला जो सहलीचा रस्ता वाटतो, तो त्या लोकांचा शाळेचा आणि दवाखान्याचा रस्ता आहे. हॉर्न वाजवून वाट मागण्याची आपली नागपुरी सवय त्यांना मुळीच रुचत नाही. तेव्हा गाडी जावयांनाच चालवू द्यावी आणि निघताना पाइआ या गावी टाकी भरल्याची खात्री तेवढी आपण करावी, कारण त्यापुढे थेट हानापर्यंत पेट्रोल मिळत नाही.