वाचकांचे प्रश्न : इंजिन उतरवायचे, पण उचलायचे कशाने?

प्रश्न : माझ्या 2012 सालच्या पल्सर 150 च्या क्रँक बेअरिंगचा आवाज वाढला आहे. इंजिन उतरवून आणून दिल्यास मजुरी कमी पडेल, असे मेकॅनिक म्हणतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेन पुली नाही आणि स्टँडही नाही. मी आणि माझा मेहुणा असे दोघे मिळून हे काम करू शकू का? वरच्या पाइपला दोर बांधून इंजिन टांगले तर चालेल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दोघे असाल तर काम नक्की होईल, मात्र पाइपला दोर बांधण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. पार्किंगच्या छताखालून जाणारे पाइप पाण्याचे, सांडपाण्याचे किंवा अग्निशमनाचे असतात आणि त्यांचे क्लॅम्प केवळ पाइपचेच वजन पेलण्यासाठी बसवलेले असतात.

तुमच्या गाडीची चौकट डबल क्रेडल प्रकारची आहे. तिच्या दोन नळ्या इंजिनच्या खालून जातात, त्यामुळे इंजिन सरळ खाली सोडता येत नाही. ते किंचित वर उचलून बाजूने काढावे लागते. एवढे वजन वाकून, हात लांब करून धरताना पाठ आणि बोटे दोन्ही धोक्यात येतात. म्हणून माझा सल्ला उलटा आहे : इंजिन उचलू नका, ते जमिनीवर ठेवून चौकट त्याच्यावरून उचला.

त्यासाठी बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवून बॅटरी बाहेर काढावी आणि ऑइल इंजिन कोमट असतानाच काढून घ्यावे. हे ऑइल गटारात ओतू नका, कारण आपल्याकडची गटारे शेवटी खाडीलाच मिळतात. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे. त्यानंतर टाकी, सायलेन्सर, कार्बोरेटर, चेन, गिअर लिव्हर, क्लच केबल आणि वायरिंगचे कपलर सुटे करावेत. प्रत्येक जोडणीचा फोटो सोडवण्यापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचे) बोल्ट आणि क्लचचा नट यांसारखे घट्ट बसलेले भाग इंजिन चौकटीत असतानाच ढिले करून ठेवावेत, आणि स्प्रॉकेटचे काम चेन उतरवण्यापूर्वी, मागचा ब्रेक दाबून धरून करावे. सुटे इंजिन जमिनीवर लोळते. पाना फिरवला की तेही पान्याबरोबर फिरते.

इंजिन कोणत्या बाजूने निघते हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहून त्याच बाजूवर गाडी आडवी करायची आहे. तत्पूर्वी त्या बाजूचे फूटरेस्ट आणि पेडल काढून टाका. इंजिनचा भाग येईल तिथे जुना स्कूटरचा टायर आणि हँडलखाली गोधडी ठेवा. माउंटिंगचे, म्हणजे इंजिन चौकटीला जोडणारे, नट गाडी उभी असतानाच ढिले करावेत, पण बोल्ट जागेवरच राहू द्यावेत. गाडी आडवी झाल्यावर टायरखाली फळ्या सरकवत इंजिनला इतका आधार द्या की बोल्ट दोन बोटांच्या चिमटीत सहज फिरू लागेल. इंजिनचे वजन बोल्टवरून उतरल्याची हीच खूण आहे. बोल्ट अडत असेल तर हातोडा न मारता आधार थोडा कमी-जास्त करावा, कारण एकदा आटे मेले की पुढचे सगळे काम लांबते. शेवटचा बोल्ट निघाला की एकाने हँडलकडून आणि दुसऱ्याने मागून धरून चौकट सरळ वर उचलावी. तिसरा माणूस मिळाला तर वायर अडकते का हे पाहायला त्याला उभे करा.

बसवताना हीच क्रिया उलट करायची. सगळे बोल्ट हाताने आत जाईपर्यंत एकही आवळू नये. एक आधी घट्ट केला की उरलेल्यांची भोके जुळत नाहीत. नंतर पुस्तिकेतील क्रमाने टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. तुमच्या इंजिनला दोन स्पार्क प्लग आहेत. ऑइल भरल्यानंतर ते दोन्ही बाहेर काढून, कॅपमध्ये बसवून, धातूला टेकवून ठेवावेत आणि काही सेकंद सेल्फ मारावा, म्हणजे इंजिन पेटण्यापूर्वी ऑइल वरपर्यंत पोहोचते. दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा.

प्रश्न : माझ्या होंडा युनिकॉर्नसाठीही हीच पद्धत चालेल का? आणि जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवले तर आरटीओला कळवावे लागते का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : युनिकॉर्नची चौकट डायमंड प्रकारची, म्हणजे खालून उघडी आहे, तिथे इंजिन हाच चौकटीचा खालचा दुवा असतो. त्यामुळे गाडी आडवी करण्याची गरज नाही. इंजिनखाली मोटारीचा सिझर जॅक आणि लाकडी ठोकळा ठेवून ते हळूहळू खाली उतरवता येते, फक्त ठोकळा ऑइलच्या ड्रेन बोल्टवर टेकू देऊ नका. जड इंजिन निघाल्यावर गाडीचा तोल मागे जातो, म्हणून पुढचे चाक आधीच बांधून ठेवा.

तेच इंजिन दुरुस्त करून बसवले तर आरटीओचा प्रश्न येत नाही. परंतु इंजिन क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर, कोरलेला असल्याने दुसरे इंजिन, किंवा नुसती दुसरी क्रँककेस बसवली तरी, आरसीवरील क्रमांकाशी तो जुळणार नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील अशा बदलांविषयी तरतूद आहे. तेव्हा इंजिन घेण्यापूर्वीच ठाण्याच्या आरटीओत चौकशी करा, आणि विकणारा मूळ गाडीची कागदपत्रे दाखवत नसेल तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.