ज्यू राष्ट्रातील बिगरज्यू नागरिक

प्रश्न : रास्ता पेठेत आमच्या शेजारी एक बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब राहत असे. मलिद्याच्या दिवशी गोड पोहे, खोबरे आणि फळे असलेले ताट त्यांच्याकडून आमच्या घरी न चुकता येई. पुढे ते सर्व इस्रायलला गेले. तेथे मुलीच्या लग्नाच्या वेळी ‘तुम्ही खरोखर ज्यू आहात काय’ अशी चौकशी झाल्याचे त्यांनी पत्रातून कळवले होते. ज्यूंची ही गत, तर तेथील मुसलमान आणि ख्रिस्ती नागरिकांना समान हक्क आहेत असे कसे म्हणावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांनी कळवले त्यात अतिशयोक्ती नसावी. बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी आईकडील वंशाची चौकशी करावी, असा आदेश इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये खरोखरच काढला होता. त्याविरुद्ध कोकणातून आणि मुंबई-पुण्यातून गेलेली ही माणसे रस्त्यावर उतरली. १९६४ मध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

हा अधिकार धर्मपीठाकडे आला, तो तुर्की अमदानीपासून चालत आलेल्या व्यवस्थेमुळे. विवाह ज्याच्या त्याच्या धर्माच्या अधिकाऱ्यांपुढेच लागतो. मुसलमानांना शरियत न्यायालये आहेत, द्रुझांना (अरबी बोलणाऱ्या एका वेगळ्या धर्मपंथाला) आणि ख्रिस्ती पंथांना त्यांची स्वतःची. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये भिन्नधर्मीय जोडपे निबंधकापुढे सह्या करून मोकळे होते, तशी सोय तेथे नाही. अशी जोडपी सायप्रसला जाऊन विवाह करतात आणि परत आल्यावर सरकार त्याची नोंद मात्र करून घेते. धर्माला मान देणारी ही व्यवस्था व्यक्तीला फारशी विचारत नाही, असे माझे मत आहे.

आता बिगरज्यू नागरिकांविषयी. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत धर्म, वंश किंवा लिंग यांचा विचार न करता सर्व रहिवाशांना संपूर्ण सामाजिक व राजकीय समानतेचे आश्वासन आहे. लोकसंख्येच्या सुमारे एकपंचमांश असलेले अरब नागरिक मतदान करतात, क्नेसेटवर निवडून येतात, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होतात. २०२१ मध्ये तर एक अरब पक्ष सत्ताधारी आघाडीत होता. तरीही मतपत्रिका हाती असलेल्या याच नागरिकांपैकी बहुतेकांना १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली राहावे लागले आणि गावाबाहेर जायलाही परवाना काढावा लागे, हे विसरून चालणार नाही.

इस्रायलला एकसंध लिखित संविधान नाही. त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने केलेले मूलभूत कायदे आहेत. आपल्या अनुच्छेद १४ सारखे समानतेचे स्वतंत्र कलम त्यांत नसल्याने, १९९२ च्या मानवी प्रतिष्ठेच्या कायद्यातून न्यायालयाने समानता अर्थ लावून काढली. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्यात ‘समानता’ हा शब्दच नाही. राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू जनतेचा, असे त्यात म्हटले आहे आणि अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा जाऊन तिला ‘विशेष स्थान’ उरले आहे. तो ६२ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाला. २०२१ मध्ये अकरापैकी दहा न्यायाधीशांनी तो वैध ठरवला. विरोधी मत देणारे एकमेव न्यायाधीश अरब होते.

थोडक्यात, व्यक्तीचे हक्क बऱ्याच अंशी समान, राष्ट्रावरचा हक्क समान नाही. तुमच्याच शेजाऱ्यांचे पाहा. १९५० च्या परतीच्या कायद्यामुळे त्यांना नागरिकत्वाचा हक्क ज्यू असल्यामुळेच मिळाला. नाझरेथमध्ये जन्मलेल्या अरब नागरिकाला मात्र १९४८ च्या युद्धात लेबनॉनला गेलेल्या आपल्या चुलत्याला तशा हक्काने परत आणता येत नाही. (१९६७ पासून व्याप्त असलेल्या, जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील (वेस्ट बँक) पॅलेस्टिनी लोक या उत्तरात आलेले नाहीत, त्यांना क्नेसेटसाठी मतच नाही.)