गोपनीयता कोणाची आणि खासगीपणा कोणाचा?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या कार्यकर्त्या विचारतात: "आमची वेबसाइट मराठीत करतोय. प्रायव्हसी पॉलिसीच्या पानाला 'गोपनीयता धोरण' म्हणा, असं वेबसाइट करणारा मुलगा सांगतो, कारण सगळीकडे तेच आहे. आमच्या कार्यवाहांना 'खासगीपणा' हवाय. बरोबर काय? शिवाय 'आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो' हे वाक्य मला खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही."

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. 'गोपनीयता' हा शब्द अशुद्ध नाही, जुना आणि चांगला आहे. फक्त तो तुमच्या सभासदाला चिकटवलाय, आणि तो आहे तुमचा.

मराठीत हा शब्द कुठे भेटतो ते पाहा. मंत्री शपथ घेतात ती 'पद आणि गोपनीयतेची', म्हणजे कामाच्या ओघात जे कळेल ते बाहेर फोडणार नाही, अशी. प्रश्नपत्रिकांच्या सीलबंद पाकिटावर 'गोपनीय' लिहिलेलं असतं. आणि सरकारी नोकरीत ज्याची धास्ती असायची तो 'गोपनीय अहवाल' तर फारच बोलका आहे: लिहिलेला तुमच्याबद्दल, आणि लपवलेला तुमच्यापासूनच! संस्कृतात गुप् म्हणजे राखणं, सांभाळणं. वरच्या सगळ्या उदाहरणांत माहिती कोणाच्या तरी हवाली आहे आणि ती न फोडण्याचं बंधन त्या सांभाळणाऱ्यावर आहे. म्हणून वाचनालय गोपनीयता 'पाळतं' किंवा 'राखतं'. सभासदाच्या गोपनीयतेचा आदर करतो म्हटलं, की त्याच्याकडे काहीतरी दडवलेलं आहे आणि आम्ही मोठ्या मनाने तिकडे काणाडोळा करतोय, असा वास येतो.

खासगीपणा हा त्या माणसाचा असतो, लपवण्याजोगं काही असो वा नसो. तुमच्याच कपाटातलं उदाहरण घेऊ. कोणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद तुम्ही ठेवता. पूर्वी ती पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर असायची, सभासद क्रमांक आणि तारखेचा शिक्का. एखाद्या बाईंनी मधुमेहाच्या आहाराचं पुस्तक नेलं, पुढच्या आठवड्यात घटस्फोटाच्या कायद्यावरचं. यात गुपित असं काही नाही; काउंटरवरच्या माणसाने पाहिलं, मागे रांगेत उभे असणाऱ्यांनीही पाहिलं असेल. तरी ती यादी त्यांच्या नावासकट कोणी वेबसाइटवर टाकली, तर ते गैरच. गोपनीयता नसली तरी खासगीपणा असतो, तो हा असा. आपल्याकडे तो मोडण्यासाठी शब्दांची रेलचेल आहे (डोकावणं, नाक खुपसणं, बोभाटा करणं, चव्हाट्यावर आणणं), पण मोडतं त्या वस्तूला मात्र सुटसुटीत नाव नव्हतं. 'खासगीपणा' ती जागा भरतोय, जरा अवघडत.

अवघडत अशासाठी, की 'खासगी' हा शब्द आधी सामान्य माणसाचा नव्हताच. खास अरबीतून आला, 'गी' फारसीचा. होळकरांकडे 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. अहिल्याबाईंचा दानधर्म चालला तो खासगीतून. म्हणजे राजघराण्याची घरची मिळकत ती खासगी. पुण्यात शुक्रवार पेठ वसवणाऱ्या जिवाजीपंत खासगीवाल्यांच्या आडनावातही हाच शब्द बसलाय. पुढे तो घसरत घसरत खासगी शिकवणी, खासगी दवाखाना आणि खासगी बसपर्यंत आला. त्यामुळे कार्यवाहांना एक सांगा: 'खासगी धोरण' अजिबात लिहू नका, ते खासगी कंपनीचं धोरण वाटतं. 'पणा' लागतोच. खासगी की खाजगी, असंही कोणीतरी विचारणार. दोन्ही रूढ आहेत, मी मुळाला धरून 'स' लिहितो, तुम्ही कोणतंही एक ठरवा आणि पानभर तेच ठेवा. हिंदीतला 'निजता' मात्र नको. मराठी कानाला त्यात निजणंच ऐकू येतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात 'प्रायव्हसी' हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. त्याला मराठीत कोणी 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतं, कोणी 'खासगीपणाचा'. न्यायालयाने तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून काढला. स्वातंत्र्य ज्याचं त्याचं असतं, त्यामुळे इथेही मला 'खासगीपणा'च पटतो.

पानाचं नाव? दोन्ही नको. 'तुमची माहिती आणि आमची जबाबदारी' असं साधं लिहा. धोरण हा शब्द पाहून लोक पान बंद करतात.

खरं तर मथळ्यापेक्षा आतल्या मजकुराची मला जास्त काळजी आहे. वेबसाइट करणाऱ्या मुलाने तयार मसुदा चिकटवला, तर त्यात साधारण असं वाक्य येईल: 'आपला अनुभव सुधारण्यासाठी आपला डेटा संकलित केला जाऊ शकतो व तृतीय पक्षांसोबत सामायिक केला जाऊ शकतो.' यात कोण करतो ते नाही, आणि करतो की नाही तेही नाही. मराठीत 'केला जाऊ शकतो' म्हणणारा माणूस बहुधा दाराआड उभा असतो.

त्यातलं 'सामायिक' तर मजेशीर आहे. सामायिक भिंत, सामायिक विहीर, वाड्यातला सामायिक नळ. सामायिक म्हणजे ज्यावर सगळ्यांचा सारखा हक्क. माझा मोबाइल नंबर तुम्ही जाहिरात कंपनीला दिलात, तर तो सामायिक झाला का? तुम्ही तो दिलात. 'देतो' लिहा. 'तृतीय पक्षा'ऐवजी काही जण 'त्रयस्थ' सुचवतात; ते तर फसवंच, कारण आपण त्रयस्थ म्हणतो ते ज्याला या भांडणात काही घेणं-देणं नाही अशाला. या कंपन्यांना घेणं भरपूर असतं. 'बाहेरच्या कंपन्या' पुरे. आणि 'डेटा' बोलण्यात 'माझा डेटा संपला' असा येतो, म्हणजे नेटपॅक. त्यासाठी घडवलेला 'विदा' हा शब्द मला आवडतो, पण तुमच्या ज्येष्ठ सभासदांना तो समजावून सांगत बसावं लागेल. 'माहिती' लिहा. फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख यांना 'वैयक्तिक माहिती' म्हणा. तिथे 'खासगी' नको, कारण सोसायटीच्या गेटवरच्या वहीत आपला नंबर येणारे-जाणारे सगळे वाचतात. तो खासगी उरला नाही तरी वैयक्तिक राहतोच.

तेच वाक्य मी असं लिहीन: 'तुम्ही या वेबसाइटवर आलात की आम्ही तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवतो. तिला कुकी म्हणतात. तिच्यामुळे तुम्हाला पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. किती लोक येतात हे मोजण्यासाठी आम्ही बाहेरच्या एका कंपनीची सेवा घेतो. तुमचा आयपी पत्ता (म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि तुम्ही पाहिलेली पानं त्या कंपनीला कळतात.' कंपनीचं नावही टाका. आणि हे खरं असेल तरच लिहा. मोजणी करत नसाल तर तेही सांगा. कुकीला मराठी शब्द शोधू नका. नेटस्केप कंपनीत १९९४ मध्ये लू मॉन्टुली यांनी ती वेबवर आणली तेव्हा हे नाव संगणकवाल्यांच्या बोलीतून आलं. इंग्रजीतही त्यातून काही अर्थबोध होत नाही.

हे सगळं निव्वळ भाषेची हौस म्हणून सांगत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, आणि ती साध्या भाषेत हवी. त्यात मराठी आलीच. याच कायद्याने इंग्रजी मसुद्यात व्यक्तीसाठी 'ती' हे सर्वनाम वापरलं आणि त्यात सर्व लिंगं येतात असा खुलासा व्याख्येत घातला. आपल्याकडे 'व्यक्ती' मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ज्या व्यक्तीची माहिती आहे ती' हे खुलाशाशिवाय जमतं!

'संमती' हा कायद्याचा शब्द ठेवा. 'सहमती' नको, ती दोन बाजूंमध्ये होते. बालविभागासाठी तर संमती लागणारच, कारण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी पालकांची संमती हवी आणि ती पडताळलेली हवी. फॉर्मवर 'संमतिपत्र' लिहिताना 'ति' ऱ्हस्व. पण बटणावर मी 'परवानगी देतो/देते' लिहीन. परवानगी देणारा वरचढ असतो, घेणारा याचक, आणि इथे याचक वाचनालय आहे, ते दिसू दे. शेजारचं दुसरं बटण तितकंच मोठं ठेवा आणि त्यावर सरळ 'नको' लिहा. परवानगी नंतर मागे घ्यायची तर तेही ती देण्याइतकंच सोपं हवं, असं कायदाच म्हणतो. तेव्हा 'कार्यालयात लेखी अर्ज करावा' ही ओळ कार्यवाहांनी सुचवली, तर ती आधीच खोडून टाका.