सासूबाई तंबाखू खात नाहीत, फक्त मशेरी लावतात. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आहे. कॅन्सर असू शकतो का? तो कशाकशाने होतो?

असू शकतो. तुमच्या प्रश्नातला 'फक्त' वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. दाताला लावली म्हणून ती दंतमंजन होत नाही. चूळ भरेपर्यंत तिचा रस गालात आणि जिभेखाली मुरत राहतो.

माझ्या आईनं चाळीस वर्षं लावली. सकाळी परसदारच्या पायरीवर बसून, दुपारी जेवल्यावर आणि रात्री झोपताना. भाजायची त्या दिवशी घरभर ठसका. उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं. सोड म्हटलं की म्हणायची, "त्याशिवाय पोट साफ होत नाही गं." आम्ही तासगावकडचे. २०१५ मध्ये आमचे आमदार आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा गावात कट्ट्याकट्ट्यावर तंबाखूचीच चर्चा. पण ती पुरुषांच्या तंबाखूची. बायकांच्या डबीचं नाव कुणी काढलं नाही.

पुढं आईच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली, नेमकी तुटक्या दाढेला लागून. दाढ लागतेय, असं घरात ठरलं. वर उष्णता म्हणून तूप, जेष्ठमध, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. दाताच्या डॉक्टरांनी दाढेची धार घासून दिली आणि बजावलं, दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर परत या, तुकडा काढून तपासू. मध्ये भावाचं लग्न आलं. त्यात आत्या म्हणाली, "तुकडा काढला की पसरतं." (पसरत नाही. हे ज्याला त्याला सांगा.) चार महिने गेले. तोवर जखमेची कड कडक झाली होती, त्या बाजूचा कान दुखत होता आणि मानेत गाठ हाताला लागत होती. जिभेचा तेवढा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, वर सहा आठवडे रेडिएशन. आई आहे, बोलते. पण 'र' आणि 'ळ' तिला येत नाहीत. नातवाला नावानं हाक मारायचं तिनं सोडून दिलंय.

आत्या अजून म्हणते, "मी साठ वर्षं लावते, मला कुठं काय झालं?" तिला झालं नाही म्हणून आईला झालं ते खोटं ठरत नाही.

बाकीची कारणं म्हणाल तर तंबाखू-चुना, गुटखा, विडी, सिगारेट हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण नुसती सुपारीही त्यातच येते. तिच्यानं गाल आतून ताठ होतात आणि तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. दारू आणि तंबाखू जोडीनं असली की धोका कितीतरी पटीनं वाढतो. टोचणारी दाढ किंवा सैल कवळी याकडेही दुर्लक्ष नको, पण सगळं खापर दाढेवर फोडून मशेरीला मोकळं सोडू नका. आमच्याकडे तेच झालं. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संबंध जास्त करून घशाच्या आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरशी असतो.

मी डॉक्टर नाही. सगळेच पांढरे चट्टे कॅन्सरचे नसतात, बरेचसे पुढं कॅन्सरकडे जातही नाहीत. आणि कसलंही व्यसन नसलेल्यांनाही हा रोग झालेला मी वॉर्डात पाहिलाय. पण चट्टा कसला आहे हे घरात बसून कुणालाच कळत नाही, तेव्हा याच आठवड्यात दाखवा.

आणखी एक. त्यांची डबी हिसकावून फेकू नका. आईची मी चुलीत टाकली होती. तल्लफ निकोटिनची असते, ती डबीबरोबर जळत नाही. डॉक्टरांसमोर विषय काढा, सोडायलाही औषधं मिळतात. आणि घरात पाहुणं कोण येतं-जातं तेही बघा. रेडिएशन चालू असताना आईच्या उशीखाली मला वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मशेरीची पुडी सापडली. आदल्या दिवशी आत्या भेटून गेली होती.