सिस्टरला विचारा : खोल्या बघू नकोस, पहिल्या तासाबद्दल विचार

प्रश्न : मला सातवा महिना आहे. पहिल्या बाळंतपणात कळा सुरू असताना आठ तास मी एकटीच होते. ओरडले की ‘आता कशाला ओरडतेस?’ असं ऐकावं लागायचं. बाळ झाल्याझाल्या नेलं, ते दोन तासांनी अंघोळ घालून, गुंडाळून हातात दिलं. या वेळी दवाखाना बदलायचाय. चांगला कसा ओळखायचा?

उत्तर : आधी एक कबूल करते. लेबर रूममध्ये मी तीस वर्षं काढली आणि तुझं बाळ जसं नेलं, तशी शेकडो बाळं मी नेली आहेत. रडलं की नाळ कापायची, आईला तोंड दाखवायचं आणि शेजारच्या खोलीत. यालाच आम्ही शिस्त म्हणायचो.

आता जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं वेगळं आहे. बाळ नीट श्वास घेत असेल, तर पुसून कोरडं करून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. नाळ निदान एक मिनिट तरी कापायची नाही. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे त्याला लोह पुरतं. दूध पहिल्या तासातच, अंघोळ मात्र 24 तासांनंतर. पहिल्यांदा असं बाळ आईवर ठेवून मी नुसती उभी राहिले, तेव्हा माझेच हात रिकामे वाटत होते. अर्ध्या तासानं त्यानं मूठ चाटली, मान कलती केली आणि स्वतःच शोधायला लागलं. इतकी वर्षं हे बघायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचार : ‘बाळ झाल्यावर पहिला तास कुठे असतं?’ दुसरा, कळांच्या वेळी माझं माणूस जवळ थांबू शकेल का? शेवटपर्यंत सोबत असली की सिझेरियनचं प्रमाण थोडं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. आणि पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलतात का, हेही विचार. ढकलत असतील तर तिथं जाऊ नकोस.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : ‘बाळंतपणानंतरचं रक्त कसं मोजता?’ आम्ही नजरेनं अंदाज करायचो, आणि चादरीत मुरलेलं रक्त नजरेला कमीच दिसतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत एक अभ्यास झाला; त्यांतल्या सुमारे निम्म्यांत आईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली. रक्तस्राव जास्त दिसला की गर्भपिशवी चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी असं सगळं एकदम सुरू करायचं ठरवलं. 2023 साली निष्कर्ष आला : गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे मिळून बाकीच्या रुग्णालयांपेक्षा 60 टक्क्यांनी कमी. एक साधी पिशवी आणि वेळेवरचे उपचार! ‘आम्हाला अंदाजानं कळतं’ असं उत्तर मिळालं, तर मीही तेच म्हणायचे, एवढं लक्षात ठेव.

रक्तदाब, रक्त कमी असणं किंवा आधीचं सिझेरियन यांतलं काही असेल, तर रक्ताची आणि ऑपरेशनची सोय रात्रीही आहे का, तेवढी खात्री कर.

राहिलं ते ओरडण्याचं. कळा येताना ओरडायचं नाही तर कधी? तपासणीला जाशील तेव्हा जरा लवकर जा आणि बाकावर बसून ऐक, आतल्या बायकांशी सिस्टर कशी बोलते ते. आणि हे सगळं आठव्या महिन्यातच उरक, कळा सुरू झाल्यावर कुणाला सुचत नाही.