रात्री दोनचं बिस्किट

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, वय 46. तीन वर्षं झाली, रात्री दीड-दोनला पोटाच्या वरच्या भागात आग पडून जाग येते. दोन बिस्किटं खाल्ली की थांबते. म्हणून उशाशी पुडाच ठेवतो. मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या घेत होतो. दिवाळीनंतर दुर्बिणीची तपासणी केली. रिपोर्टात 'ड्युओडेनल अल्सर, आरयूटी पॉझिटिव्ह' आलं. 14 दिवसांचा कोर्स दिला होता. सहाव्या दिवशी तोंड इतकं कडू झालं की चहासुद्धा नको वाटे. दुखणंही गेलं होतं, म्हणून गोळ्या बंद केल्या. आता परत तेच सुरू झालंय. पुन्हा दुर्बीण घालावी लागेल का? याचा कॅन्सर होतो का? घरचे म्हणतात, रात्री दूध पी आणि तिखट सोड.
— एक वाहक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं असेल, तर तो बिस्किटाचा पुडा. निम्मं निदान त्यातच आहे. जठर संपतं तिथून लहान आतडं सुरू होतं, त्याचा पहिला वीतभर भाग म्हणजे ड्युओडेनम. बारा बोटं लांबीचा म्हणून हे लॅटिन नाव. जठरातलं आम्ल आधी इथेच येऊन पडतं. रात्री पोट रिकामं असताना ते जखमेवर उतरलं की आग पडते, आणि पोटात काही गेलं की तेवढ्यापुरतं निवतं. जठरातल्या अल्सरचे पेशंट बऱ्याचदा उलटं सांगतात, 'जेवलो की दुखतं.' हा नियम पक्का नाही, पण मी अजूनही पहिला प्रश्न हाच विचारतो.

आरयूटी म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. दुर्बिणीतून जठराच्या खालच्या टोकाचा मोहरीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू त्यात असेल, तर जेल राणी रंगाचं होतं. जखम ड्युओडेनममध्ये असली, तरी जंतू मुक्कामाला जठरात असतो. तो तिथे आम्ल वाढवतो आणि भोगतं शेजारचं आतडं.

1986 साली मी शिकत होतो, तेव्हा आमचे सर्जन अशा पेशंटची आम्लाला हुकूम देणारी नस कापत आणि जठराला आतड्याची नवी वाट जोडून देत. दोष टेन्शनला आणि मिरचीला. त्याच्या दोनच वर्षं आधी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल या डॉक्टरने या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं होतं. थोड्याच दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. 2005 मध्ये त्याला आणि त्याचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आमच्या वॉर्डापर्यंत या जंतूची बातमी यायला बराच काळ गेला, आणि तोवर कितीतरी पोटं फाडून झाली होती.

आता तुमची चूक. दुखणं थांबलं ते आम्ल कमी करणाऱ्या गोळीने. जंतू मेला नव्हता, आणि अर्धवट कोर्समधून जे उरतात ते त्या औषधाला पुरून उरणारे असू शकतात. तोंड कडू होतं ते कोर्समधल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे. ते आधी सांगायला हवं होतं, आणि तो दोष आम्हा डॉक्टरांचा. तोच कोर्स पुन्हा विकत आणू नका. आता बहुधा बिस्मथ असलेला चार औषधांचा कोर्स मिळेल, पूर्ण 14 दिवसांचा. त्यात मेट्रोनिडाझोल असतं, तेव्हा दारू औषधालासुद्धा नको. बिस्मथने जीभ आणि शौच काळी होते, घाबरू नका.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करा. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल-रॅबेप्राझोलच्या जातीची, आम्ल कमी करणारी गोळी बंद हवी, नाहीतर रिपोर्ट खोटाच चांगला येतो. ही शेवटची पायरी दहातले निम्मे पेशंट गाळतात, हा माझ्या ओपीडीतला अंदाज. एवढं केलंत तर दुर्बीण पुन्हा लागू नये. ड्युओडेनमच्या अल्सरचा कॅन्सर होणं जवळजवळ नाहीच. ती काळजी जठरातल्या अल्सरची, म्हणून तिथे पुन्हा बघावं लागतं.

दूध घटकाभर गार वाटतं, मग आम्ल आणखी वाढवतं. तिखटाने अल्सर होत नाही. झोंबत असेल तर कमी करा. तंबाखू, बिडी मात्र सोडाच, विशेषतः धुराने जखम भरायला वेळ लागतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. दिवसभर गाडीत उभं राहून कंबर धरते, त्यावर काय घेता? माझ्या एका पेशंटवर मी चार महिने उपचार केले, अल्सर भरेना. एकदा बिल द्यायला त्यांनी खिशात हात घातला आणि नोटांबरोबर डायक्लोफिनॅकची पट्टी टेबलावर पडली. गुडघ्यासाठी रोज दोन. मी विचारलंच नव्हतं. वेदनाशामक गोळ्या हे अल्सरचं दुसरं मोठं कारण. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल, तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली, चक्कर आली, किंवा पोटात सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर पाण्याचा घोटही न घेता थेट हॉस्पिटल गाठा. ड्युटी संपायची वाट बघू नका.

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन सहा महिने लोहाचं औषध देऊनही 8च्या वर जात नाही. डॉक्टर ड्युओडेनमचे तुकडे तपासायला सांगतात. तिला अल्सर नाही, मग कशाला? जाऊबाई म्हणतात, आधी चपाती बंद करून बघ.
— एक आई, नाशिक

उत्तर : लोह मुख्यतः ड्युओडेनममध्येच शोषलं जातं. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे तिथली मखमल, म्हणजे आतड्याचं आतलं अस्तर, झिजली असेल, तर औषध नुसतं वाहून जातं. त्या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. रक्ताची टीटीजी तपासणी आणि ते चार-सहा तुकडे, यावर निदान पक्कं होतं. तोवर चपाती चालूच ठेवा. आधीच बंद केली तर मखमल सुधारू लागते आणि तपासणीत काही सापडत नाही. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

निदान झालंच तर गहू, रवा, मैदा आणि जव कायमचे बंद. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत, त्यामुळे पोर उपाशी राहत नाही. डबीतल्या हिंगात मात्र पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, मागची बारीक अक्षरं वाचा. आणि गिरणीत गव्हाच्या दळणानंतर लगेच तुमची ज्वारी पडली, तर भाकरीतूनही गहू जाणारच. घरघंटी असेल तर ती फक्त तिच्या धान्याला राखून ठेवा.